फिट थांबते, विसरणे थांबत नाही

अपस्माराच्या रुग्णाच्या फाइलमध्ये बहुधा एक वही असते. घरातले कोणीतरी, बहुतेक वेळा आई किंवा बायको, तिच्यात तारखा लिहिते: फिट कधी आली, किती वेळ टिकली, झोपेत आली की जागेपणी, जीभ चावली गेली का. डॉक्टर ती वही पाहतात, गोळी वाढवतात किंवा तीच ठेवतात आणि पुढची तारीख देतात. वहीत न लिहिलेल्या गोष्टी मात्र घरात रोज बोलल्या जातात. धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो समोर ठेवले तरी याला तो दिवस आठवत नाही. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलताना रोज हाताळतो त्या वस्तूचे नाव ओठांवर येत नाही. मुलगी धडा पाठ करते, रात्री घडाघडा म्हणून दाखवते आणि आठवड्याने त्यातले काही उरलेले नसते. अनेकदा वर्षभरात एकही फिट आलेली नसते, तरीही हे चालू असते. हा संग्रह वहीबाहेर राहिलेल्या या गोष्टींबद्दल आहे.

वैद्यकाचे लक्ष फिटवर खिळले त्याला सबळ कारण होते. फिट दिसते, मोजता येते, तिने इजा होते, कधी जीवही जातो. स्मरण मंदावणे, शब्द न सुचणे, लक्ष न टिकणे, विचार सावकाश होणे हे डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा दोष सहज माणसाच्या माथी मारता येतो. तो आळशी आहे, तिला अभ्यास नकोच आहे, गोळ्यांनी सुस्ती आली आहे, मनात भीती बसली आहे. गोळ्यांचे आणि भीतीचे कारण कधीकधी खरेही असते. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनातून एक गोष्ट बळकट होत गेली आहे आणि या संग्रहातले लेख तिच्यापासूनच निघतात. पुष्कळ रुग्णांत फिट आणि बौद्धिक अडचण ही एकाच बिघाडाची दोन रूपे असतात. तो बिघाड मेंदूच्या एका ठिपक्यात शोधण्यापेक्षा मेंदूच्या जोडण्यांत शोधला, तर जास्त सापडतो. १९०९ साली बुडापेस्टला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २००५ मध्ये या आजाराची नवी व्याख्या केली, तेव्हा वारंवार फिट येण्याच्या प्रवृत्तीबरोबर बौद्धिक, मानसिक आणि सामाजिक परिणामही व्याख्येतच घेतले. व्याख्येत आलेली गोष्ट ओपीडीत यायला मात्र वेळ लागतो आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातली संख्या १ कोटीच्या आसपास धरली जाते. फेफरे, आकडी, मिरगी, फिट अशा नावांनी लोक ज्याला ओळखतात तो एकच एक आजार नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, डुकरातल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी, गर्भातच मेंदूची घडण चुकणे, जनुकांतले बदल, अशी त्याची कारणे अनेक. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात, त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. पुष्कळांत कारण सापडतच नाही.

नव्या वाचकासाठी एवढे मनात असले की पुरे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या विजेच्या क्षीण संकेतांनी एकमेकींशी बोलतात. एरवी हे बोलणे वेगवेगळ्या लयींत चाललेले असते. फिटमध्ये पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच लयीत, प्रमाणाबाहेर पेटतो. ही सुरुवात मेंदूच्या एका भागातून झाली तर फिट स्थानिक. दोन्ही अर्धगोल सुरुवातीपासून ओढले गेले तर सार्वत्रिक. प्रौढांतल्या स्थानिक अपस्मारात सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार टेम्पोरल लोबचा, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागाचा. तिथेच हिप्पोकॅम्पस आहे, ज्याच्यावाचून नवी आठवण रुजत नाही. दूरदूरचे भाग लांब तंतूंच्या जुड्यांनी जोडलेले असतात. काही भागांकडे थोड्या वाटा येतात, काही भाग मात्र जंक्शनसारखे असतात. मुंबईच्या लोकलमध्ये दादरला पाणी साचले तर कर्जतचा माणूसही अडकतो आणि विरारचाही, टोकाच्या स्थानकावरचा बिघाड तेवढे हाल करत नाही. अपस्मारात जंक्शनांचे काय होते, हा या क्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न झाला आहे.

बौद्धिक अडचण म्हणजे फक्त विसरणे, अशी समजूत असते. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात स्मरण आणि नावे आठवणे यांना धक्का बसतो हे खरे. पण लक्ष, विचाराचा वेग, बेत आखणे, एका कामावरून दुसऱ्यावर जाणे यांवरही परिणाम दिसतो, तोही फिटचे मूळ त्या भागांपासून दूर असताना. स्मरणाचा एक प्रकार तर असा आहे की तो चाचणीतून निसटतो. नेहमीच्या स्मरणचाचणीत शब्दांची यादी किंवा गोष्ट ऐकवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. काही रुग्ण अर्ध्या तासाने सगळे बरोबर सांगतात, अहवालात ‘सामान्य’ असे येते आणि घरची माणसे बुचकळ्यात पडतात. याच रुग्णांना तीच गोष्ट काही आठवड्यांनी विचारली, तर इतरांच्या तुलनेत फार कमी उरलेली असते. ब्रिटनमध्ये क्षणिक स्मृतिलोपाच्या अपस्मारावर काम करताना ख्रिस बटलर आणि ॲडम झेमन यांनी हे वेगाने विसरणे काळजीपूर्वक नोंदवले. अशा माणसांच्या आयुष्यातले प्रवास, समारंभ, भेटी, कधी वर्षेच्या वर्षे पुसट झालेली असतात. म्हणजे तक्रार खरी होती, मोजण्याची मुदत चुकली होती. लग्न न आठवणाऱ्या माणसाला नाटकी म्हणण्यापूर्वी हे सगळ्यांनी वाचायला हवे.

या विषयाचा आधुनिक इतिहास लंडनच्या जॉन ह्युलिंग्ज जॅक्सनपासून सुरू होतो. १८७० च्या दशकात त्याने सांगितले की फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातला अचानक, अतिरिक्त विसर्ग. त्याच्या रुग्णांत ‘डॉ. झेड’ या टोपणनावाने नोंदलेला एक डॉक्टर होता. एका रुग्णाची छाती तपासत असतानाच त्याला फिट आली. ती कोसळण्याची नव्हती, आतल्या आत चालणारी होती. त्या अवस्थेत त्याने तपासणी पुरी केली, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे लिहून ठेवले, आणि भानावर आल्यावर यातले काहीही त्याला आठवेना. निदान बरोबर होते. डॉ. झेडच्या मृत्यूनंतर त्याच्या डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला एक लहानशी पोकळी सापडली. हात, डोळे आणि शिकलेली विद्या काम करत होती, पण आठवणीची नोंद होत नव्हती. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका प्रसंगात हजर आहेत.

पुढे हान्स बर्गरने जर्मनीत १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख, म्हणजे ईईजी, घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९३५ मध्ये बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या क्षणभर शून्यात हरवण्याच्या फिटमध्ये सेकंदाला ३ या लयीचे आलेख दाखवले. मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्डने १९३४ मध्ये संस्था उभी केली आणि जागेपणी चालणाऱ्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करत वाणीचे, हालचालीचे, कधी आठवणीचे भाग शोधले. त्याच संस्थेत शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. या सगळ्या घराण्याची श्रद्धा एकच होती: मूळ शोधा, ते काढा.

या श्रद्धेचा सगळ्यांत मोठा धडा १९५३ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचे आतले भाग काढले. फिट कमी झाल्या. पण त्या दिवसापासून २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नवे माणूस, नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये स्कोव्हिल यांच्याबरोबर ही हकिगत प्रसिद्ध केली आणि नंतर दाखवून दिले की आरशात पाहून चांदणी रेखाटण्याचे कसब तो दिवसागणिक सुधारत शिकला, जरी ते काम त्याला प्रत्येक वेळी नवेच वाटे. स्मरण एक नाही, अनेक आहेत, हे विज्ञानाला एका अपस्माराच्या रुग्णाने शिकवले, आणि त्याची किंमत त्याने पंचावन्न वर्षे मोजली. मेंदूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव स्मरणाच्या प्रकरणात येते, अपस्माराच्या प्रकरणात क्वचित. आम्हाला ही ताटातूट मान्य नाही.

मिल्नर यांच्या कामातून एक सुटसुटीत नियम तयार झाला: डावा टेम्पोरल लोब शब्दांच्या स्मरणाचा, उजवा आकृत्यांचा. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या अनेक दशके त्यावर उभ्या होत्या. नियम उपयोगी ठरला, पण तो पुरा पडला नाही. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४४ टक्के रुग्णांत शब्दस्मरण घटते, असे २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात निघाले. पण उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतरही सुमारे २० टक्क्यांत ते घटते. मेलबर्नच्या मायकेल सेलिंग यांनी २००९ मध्ये या नियमाचीच फेरतपासणी मागितली. शस्त्रक्रिया करू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. योग्य निवडलेल्या रुग्णांत तिच्याइतका गुण गोळ्यांनी येत नाही. २००१ मधल्या कॅनडातल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५८ टक्के, तर फक्त गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी ८ टक्के लोक वर्षभरात शुद्ध हरपवणाऱ्या फिटपासून मोकळे राहिले. दिल्लीच्या एम्सने औषधांना न जुमानणाऱ्या ११६ मुलांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे ७७ आणि ७ टक्के आले. म्हणूनच कोणाच्या स्मरणाला किती धोका आहे हे आधी सांगता येणे इतके मोलाचे आहे, आणि एका भागाकडे पाहून ते सांगता येत नाही.

जोडण्यांचा विचार नवा नाही. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्येच वाणीचे दोन भाग जोडणारा दुवा तुटला तर काय होईल याचा अंदाज बांधला होता. नॉर्मन गेश्विंड यांनी १९६५ मध्ये तो विचार पुन्हा उभा केला. दोन अर्धगोल जोडणारा पूल कापलेल्या ज्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी १९८१ चे नोबेल मिळवणारे काम केले, तेही अपस्माराचेच रुग्ण होते. कमी होती ती जिवंत माणसाच्या मेंदूतल्या वाटा पाहण्याच्या साधनांची. ती १९९० च्या दशकात आली. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने जास्त सहज सरकतात, या साध्या गोष्टीवरून एमआरआयमध्ये तंतूंच्या जुड्यांचा माग काढता येऊ लागला. रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून काम करणारे भाग दिसू लागले. आणि १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या भरत बिस्वाल या तरुण संशोधकाने दाखवले की माणूस काहीही न करता नुसता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हालचालीचे भाग एकाच लयीत हेलकावत असतात. अनेकांना तो यंत्रातला गोंगाट वाटला. तो गोंगाट नव्हता. ‘विश्रांतीतली जोडणी’ ही आजची भलीमोठी शाखा त्या निरीक्षणावर उभी आहे. २००५ मध्ये ओलाफ स्पोर्न्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांच्या नकाशाची कल्पना ‘कनेक्टोम’ या नावाने मांडली.

अपस्मारात या विचाराकडे दोन वेगळ्या वाटांनी माणसे आली. पॅरिसला तालेराक आणि बाँको यांनी मेंदूत खोलवर बारीक इलेक्ट्रोड घालून फिट कुठून कुठे जाते हे वेळेनुसार पाहिले. तिथून मार्सेयच्या शोव्हेल आणि बार्तोलोमेई यांच्यापर्यंत ‘फिटचे मूळ हेच एक जाळे असते’ हा आग्रह आला. ही माणसे मिलिसेकंदात विचार करतात, पण इलेक्ट्रोड जिथे आहे तिथलेच त्यांना दिसते. दुसरी वाट चित्रणाची: सगळा मेंदू एकदम दिसतो, पण वेळ फार सावकाश. येलच्या सुझन स्पेन्सर यांनी २००२ मध्ये माणसाच्या अपस्मारातल्या जाळ्यांवर लिहिलेल्या लेखाने या दोन्ही वाटांच्या लोकांना एक भाषा दिली. तिसरे घराणे मानसशास्त्रज्ञांचे. मॅडिसनचे ब्रूस हर्मन यांनी रुग्णांना फिटच्या प्रकारापेक्षा बौद्धिक चित्रावरून गटांत पाहायला सुरुवात केली: कोणाचे फक्त स्मरण कमी, कोणाचे स्मरण आणि वेग दोन्ही, कोणाचे सगळेच शाबूत. हे तिसरे घराणे चर्चेत मागे राहते, त्याच्याकडे झगमगीत चित्रे नाहीत म्हणून. आमच्या मते सगळ्यांत जास्त गरज त्याचीच आहे. नकाशा कितीही सुंदर असला तरी माणसाला काय जमते आणि काय नाही हे माहीत नसेल, तर त्याला अर्थ येत नाही.

या घराण्यांचा वाद एका प्रश्नावर धारदार होतो: अपस्मारात जोडण्या कमी होतात की वाढतात? टेम्पोरल लोबच्या अपस्मारात तंतूंच्या जुड्या फिटच्या मुळापासून दूरपर्यंत कमकुवत झालेल्या दिसतात, आणि वाणीच्या व स्मरणाच्या वाटा जितक्या खराब तितके शब्द आणि स्मरण कमी, असा संबंध अनेक ठिकाणी मिळाला आहे. २४ केंद्रांनी मिळून २ हजारांहून अधिक रुग्णांच्या एमआरआयचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अगदी वेगवेगळ्या प्रकारच्या अपस्मारांत मेंदूच्या खोल गाभ्यातला जंक्शनसारखा थॅलॅमस लहान आणि हालचालीच्या भागातली मेंदूची बाहेरची साल पातळ आढळली. म्हणजे ‘एका जागेचा’ म्हटलेला आजारही जागेवर राहत नाही. इथपर्यंत कथा तुटण्याची आहे. पण तेवढ्यावर थांबले तर अर्धेच समजते.

किशोरवयात सुरू होणारा एक अपस्मार आहे. सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात, कप हातातून उडतो. झोप कमी झाली की ते वाढतात. हा अपस्मार असलेल्या काही मुलांना गणित सोडवताना, बुद्धिबळाची चाल ठरवताना, लिहिताना झटके येतात; विचार करणेच झटक्याला बोलावते. हे दीर्घकाळ कोडे होते. २०११ मध्ये लंडनच्या गटाने अशा रुग्णांना यंत्रात स्मरणाचे अवघड काम दिले. निरोगी माणसांत काम अवघड झाले की हालचालीचे भाग शांत होतात. या रुग्णांत ते शांत झाले नाहीत, उलट विचार करणाऱ्या जाळ्याशी त्यांची सांगड वाढली. पुढे रुग्णांच्या, स्वतःला फिट नसलेल्या भावंडांतही हीच खूण थोडीफार सापडली. म्हणजे ती फिटमुळे झालेली हानी नव्हती; घडणीतच असलेला जास्तीचा दुवा होता. ‘मोबाइल बघतोस म्हणून हात उडतो’ असे ऐकत आलेल्या मुलाच्या दृष्टीने या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको.

जास्तीच्या जोडणीचे दुसरे उदाहरण त्याहून अस्वस्थ करणारे आहे. झोपेत हिप्पोकॅम्पस आणि मेंदूची पुढची साल यांच्यात नेमक्या क्षणी लहरींची देवाणघेवाण होते आणि दिवसाची आठवण पक्की होते. न्यूयॉर्कमध्ये गेलिनास, बुझाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की अपस्मार असलेल्या उंदरांत दोन फिटच्या मधल्या काळात उठणाऱ्या विकृत विसर्गामुळेही सालीत तशीच लहर उठते, पण चुकीच्या वेळी, पक्के करण्याजोगे काही नसताना. अशी चुकीची सांगड जितकी जास्त, तितके उंदरांचे स्मरण कमी. रुग्णांच्या मेंदूच्या नोंदींतही तशी सांगड सापडली. वहीत एकही फिट नसलेल्या रात्री मेंदूत काय चाललेले असू शकते, याचे हे उत्तर आहे. जोडणी तुटली एवढे म्हणून भागत नाही. नको तिथे, नको तेव्हा जोडली गेली असेही म्हणावे लागते.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांत तातडीचा होतो. हर्मन यांच्या गटाने नुकतीच फिट सुरू झालेल्या मुलांची तपासणी केली, तेव्हा अनेकांच्या शाळेतल्या अडचणी पहिल्या फिटच्याही आधीपासून असल्याचे आढळले. लांडाऊ आणि क्लेफ्नर यांनी १९५७ मध्ये वर्णिलेल्या आजारात नीट बोलणारे मूल बोललेले समजेनासे होते आणि हळूहळू बोलेनासे होते. त्यातल्या काही मुलांना उघड फिट कधी येतच नाही, बिघाड दिसतो तो झोपेतल्या ईईजीत. अशा मुलाची श्रवणतपासणी होते, त्याला मतिमंद किंवा हट्टी ठरवले जाते आणि उपचाराचे महिने हातचे जातात.

गोळ्यांबद्दल सरळ बोलायला हवे. मुलांच्या शून्यात हरवण्याच्या अपस्मारावर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट या दोन औषधांचा गुण जवळजवळ सारखा आला. पण लक्षाची अडचण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत ४९ टक्के तर इथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत ३३ टक्के मुलांत आढळली. त्याच चाचणीतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना औषध सुरू होण्याआधीच लक्षाची अडचण होती आणि फिट थांबल्यावरही ती पुरती गेली नाही. सगळा दोष गोळीचा नाही आणि गोळी निर्दोषही नाही, हे एकाच अभ्यासातून दोन्ही बाजूंनी दिसते. टोपिरामेटने काहींचे शब्द अडतात, फिनोबार्बिटोनने सुस्ती येते. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी इतर औषधे घेतलेल्यांच्या मुलांपेक्षा ८ ते ११ अंकांनी कमी आढळला. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या चिठ्ठीवर ते औषध लिहिताना ही चर्चा झालीच पाहिजे.

जोडण्यांच्या नकाशांबद्दलही तितकेच सरळ बोलू. यंत्रात डोके किंचित हलले तरी जोडणीचे आकडे बदलतात. गोळ्या, झोप, चिंता, नैराश्य हे सगळे त्या आकड्यांत मिसळते. शंभर रुग्णांच्या सरासरीत दिसलेला फरक समोरच्या एका रुग्णाला लागू होईल असे नाही. एकाच प्रकारच्या अपस्मारात एका गटाला जोडणी वाढलेली तर दुसऱ्याला घटलेली दिसल्याची उदाहरणे आहेत. ‘ब्रेन मॅपिंग’च्या रंगीत चित्रावर पैसे खर्च करून येणाऱ्या कुटुंबांना हे कोणी सांगत नाही. तरीही हे ज्ञान कामाला लागले आहे: शस्त्रक्रियेचा बेत आखताना वाणीच्या तंतूंची वाट पाहिली जाते, आणि थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकात विजेचे स्पंद देऊन दूरच्या फिट कमी करण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. जाळ्याच्या जंक्शनवर उपचार करून मूळ न काढता फिट आवरता येते, याचा हा पुरावा आहे.

मग हे सारे मराठीत का? एक कारण अगदी व्यावहारिक आहे. बौद्धिक चाचणी भाषेतून होते. चित्र दाखवून नाव विचारायचे, तर ते चित्र रुग्णाच्या जगातले हवे. जोंधळ्याचे कणीस ओळखणाऱ्या माणसाने इग्लूचे नाव सांगितले नाही, तर त्याचे शब्द अडले असे म्हणता येत नाही. एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा या चाचणीत इंग्रजीतले प्रमाण देवनागरीच्या बाराखडीला जसेच्या तसे लावता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये भारतीय प्रमाणांसह चाचणीसंच दिला, ही मोठी सोय झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी तयार केलेला संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या पाच भाषांत आला. मराठी त्यांत नव्हती. घरी अहिराणी किंवा मालवणी, शाळेत मराठी आणि कामावर हिंदी बोलणाऱ्या माणसाचे शब्द कोणत्या भाषेत मोजायचे, हा तर अजून पुढचा प्रश्न. एमआरआय यंत्रे जिल्ह्याच्या गावांत पोहोचली, पण स्मरण नीट मोजणारे माणूस पोहोचले नाही. दोहोंत महाग काय आहे हे पाहिले की या उणिवेचे दुःख जास्तच होते.

दुसरे कारण घराघरांतले आहे. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरणे अजून चालते. हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने निघाला; लग्न जुळवणाऱ्यांच्या बोलण्यातून तो निघालेला नाही. फिट लपवता येते, म्हणून लपवली जाते. मग उरलेला मंदपणा, विसरभोळेपणा यांना काही नावच राहत नाही, आणि नाव नसलेल्या अडचणीसाठी शाळेत जास्तीचा वेळ मागता येत नाही, कचेरीत समजूत मागता येत नाही.

या संग्रहाने काय साधायचे ठरवले ते आता सांगतो. मेंदूविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि रुग्णांचे कुटुंबीय एकच पुस्तक हातात धरून एकमेकांशी बोलू शकावेत, एवढी आमची इच्छा आहे. म्हणून लेखकांना अट घातली होती की प्रत्येक लेखात यंत्रातला निष्कर्ष आणि माणसाचे रोजचे जगणे यांचा सांधा दिसला पाहिजे. नुसते आकडे किंवा नुसती कहाणी चालणार नाही. थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, ईईजी हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण रुग्णाच्या कागदावर तेच असतात. जिथे तज्ज्ञांत मतभेद आहेत तिथे एक बाजू घेऊन वाचकाला निश्चिंत केलेले नाही. फिटमुळे जोडण्या बिघडतात की बिघडलेल्या जोडण्यांमुळे फिट येते, या वादात दोन लेखक परस्परविरुद्ध बोलले आहेत आणि ते आम्ही जाणूनबुजून राहू दिले आहे. नैराश्याला स्वतंत्र जागा दिली आहे, कारण ‘मला काही आठवत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा तेच असते आणि त्यावर उपचार होऊ शकतो. औषधांची मात्रा कुठेही दिलेली नाही.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी इतिहास आणि नकाशे यांत अडकून न पडता शाळा, स्मरणाच्या रोजच्या युक्त्या आणि औषधांवरच्या लेखांपासून सुरुवात केली तरी चालेल. विद्यार्थ्यांनी मात्र जॅक्सन आणि मिल्नर यांच्यापासूनच यावे. आजच्या प्रत्येक नकाशामागचा प्रश्न तिथे आधी विचारला गेला आहे. आणि औषधांवरचा लेख वाचून एखादी गोळी स्मरणाला बाधते असे वाटले, तर ती आपल्या मनाने थांबवू नये. अचानक बंद केलेल्या गोळीने न थांबणारी फिट येऊ शकते, तिच्यात प्राण जाऊ शकतात. लेखाचे ते पान घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि काय विसरायला होते, कधीपासून होते, हे तारखेसह लिहून न्यावे.